मशीनला माझं मराठी

३ जून, मंगळवार
धाकट्या भावाची सुप्रिया नोकरीला लागली. गच्चीबावलीत, एसी ऑफिस. हैदराबादच्या मराठी बोलीवर सहा वर्षं पीएचडी केली, तरी कॉलेजं तासिकेवरच राबवत होती. मग तीन महिने एआयचं ट्रेनिंग घेतलं आणि हे जमलं. आता ती मशीनला आपल्या लोकांचं मराठी शिकवणार. मी पहिल्यापासून म्हणत होतो, पोरगी हुशार आहे. पीएचडी सोड, बी.एड. कर, असंही म्हणालो होतो, पण ते काळजीपोटी.

५ जून
मशीनला ऐकवायला जुनी माणसं लागतात म्हणे. सुप्रियाने पहिलं कुणाला बोलावलं? एकनाथरावांना. मी सख्खा काका, अंबरपेठेत दोन गल्ल्या सोडून राहतो. ते नुसते शेजारी. ते सहावी शिकलेले, मी आठवी. आमची बायको मालन म्हणाली, पीएचडीच्या वेळी पोरीपाशी तासन् तास बोलत कोण बसायचं? छातीत जळजळ. भजी बंद केली पाहिजेत.

६ जून
निश्चय : एकनाथरावांशी बोलायचं नाही. वॉकला एकटा गेलो. तसेही ते चार दिवस आलेले नाहीत.

८ जून
मीच फोन केला. सुप्रिया म्हणाली, काका, तुम्हाला विचारणारच होते. म्हणजे विचारलं नव्हतं. असो. निश्चय : शुद्ध बोलायचं. रोज पुण्याच्या बातम्या ऐकणार. हौ, नक्को, सगळं बंद.

९ जून, सकाळ
मालनने आणखी चहा हवा का विचारलं. नको, धन्यवाद, म्हणालो. तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

१२ जून
रेकॉर्डिंग झालं. सुप्रिया माईक घेऊन घरी आली. 'माझे बालपण' अर्धा तास. 'वस्तुतः' चार वेळा आलं, एकदाही अडखळलो नाही. ती म्हणाली, छान, पण असलं मराठी मशीनकडे ढिगानं आहे, नेहमी बोलता तसं बोला ना. मी म्हणालो, मी असाच बोलतो. आत मालनला ठसका लागला. मग सुप्रिया चहा करायला आत गेली, मालन बाहेर येऊन बसली.

१६ जून
माझा तीन मिनिटांचा तुकडा निवडला! सुप्रिया म्हणाली, ठेवू का? आधी ऐकून घ्या. मी म्हणालो, माझ्या बोलण्यात तपासण्यासारखं काय असणार? ठेव. एकनाथरावांचं किती घेतलं ते विचारलं नाही.
विचारलं. अकरा तास.

१८ जून
तुकडा ऐकला. 'वस्तुतः' कुठेच नाही. ती चहा करत होती तेव्हा माईक चालूच होता, आणि मी मालनला सांगतोय : "पोरगी मला पैले का नाही पूछली? त्या एकनाथचं काय ऐकतेत? आता वॉकला बी येत नाही. एकटा जाऊन मी परेशान होतो." सुप्रियाला म्हणालो, काढून टाक. म्हणाली, काढते, पण तपासणाऱ्यांनी तुमचं सगळं ऐकलंय. तपासणारे कोण? एकनाथराव. या कामावर तिनेच ठेवलेत.
निश्चय : महिनाभर घराबाहेर पडायचं नाही.

१९ जून
सकाळी फाटकाशी एकनाथराव. म्हणाले, चल दिगंबर, परेशान नक्को होऊ. हौ म्हणालो. चपला घातल्या.
अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, वस्तुतः म्हणजे काय रे?
मला सांगता आलं नाही.