तरंगलेलं बी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मंगळवार पेठ, कोल्हापूर
सोमवार, १७ जानेवारी २००५

चि. विद्याश्री हिस अव्वाचा आशीर्वाद.

समुद्राच्या त्या लाटेनंतर तुझा फोन आला, तू धडधाकट आहेस हे तुझ्या तोंडून ऐकलं, तेव्हापासून सोमवारला जोडून गुरुवारचाही उपवास धरला आहे. इकडे सगळे बरे. तुझ्या वहिनीची पहिली संक्रांत झाली. हलव्याचे दागिने मी घरीच केले, बाजारात उगीच पैसे घालवले नाहीत. अप्पांचा गुडघा थंडीनं धरतो.

रोपं चांगली आहेत. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांतली छत्तीसच्या छत्तीस वीतभर झाली. रात्री गोणपाट घालते.

तुझ्या बेटावरच्या त्या दुर्मिळ जातीच्या नऊपैकी सात झाडं लाटेनं नेली आणि आता आपल्या परसातली रोपं हाच आधार, एवढं तू म्हणालीस आणि फोन तुटला. पुन्हा लागत नाही. परवा तुझ्या सरांचं कार्ड आलं. गुरुवारी येतात. प्रत्येक रोपाचं एकेक पान तपासायला पाठवणार, पानावरून आई कळते म्हणे. मग रोपं घेऊन तडक तुझ्याकडं. कार्ड वाचून अप्पा माझ्याकडं बघतच राहिले. त्यांना ठाऊक आहे. तुला नाही.

वीरेशच्या लग्नाला येताना तू ते बी आणलंस. नऊ झाडांच्या नऊ कापडी पिशव्या, शाईनं नंबर घातलेल्या. आणि आल्या आल्या टायफॉइडनं पडलीस. बी आठ दिवसांत मरतं, नऊ ओळींत वेगवेगळं लाव, एवढं सांगून तू डोळे मिटलेस. मी शिरोळच्या माहेरी शिकले तसं केलं. सगळं बी एका बादलीत भिजवलं, तरंगलं ते पोकळ म्हणून गटारीत ओतलं, बुडालं ते लावलं. नऊ ओळींचं ध्यानातच राहिलं नाही. तुझा ताप उतरत नव्हता. पिशव्या चांगल्या कापडाच्या होत्या, धुऊन रवा भरायला घेतल्या.

बरी झाल्यावर तू विचारलंस, कुठली ओळ कुठल्या झाडाची. तेव्हाच सांगायला हवं होतं. तुला धरून उठवावं लागत होतं, माझी जीभ उचलली नाही. दुपारी रंगाचा डबा आणला आणि रोपांच्या दुधाच्या पिशव्यांवर मनानं नंबर घातले. एकेका झाडाची चार-चार. इतकं बरोबर वाटून कसं आलं, असं तूही विचारलं नाहीस. आईनं लिहिलंय म्हणून सरांना तसंच कळवलंस, तुझ्या सहीनं.

एकाच आईची रोपं जवळजवळ लागली तर पुढचं बी दुबळं निपजतं, हे तूच समजावलं होतंस. मला लगेच पटलं. आपण तरी एका घराण्यात सोयरीक करतो का? पण खरा धक्का दिवाळीत बसला. जेवताना तू अप्पांना सहज सांगत होतीस, की सात नंबरच्या झाडाचं बी बुचासारखं हलकं, पाण्यावर तरंगत बेटांमागून बेटं गाठतं. मी वाढत होते. ते सगळं मी गटारीत ओतलं होतं. आणखी कुणाकुणाचं गेलं, देव जाणे. आणि ते झाडही आता राहिलं नसेल तर?

अप्पा म्हणतात, "झाडास्नी काय आडनाव असतंय व्हय? गप बस. पोरगीचं नाव जाईल."

गप बसल्यानंच तुझं नाव जाईल. पानं तपासली की नंबर खोटे ठरतील, आणि खाली सही तुझी आहे. आठ महिने रोज लिंगपूजेला बसते आणि डोळे मिटले की ती बादली दिसते.

आज सकाळी रॉकेलच्या बोळ्यानं सगळे नंबर पुसून टाकले. कुठलं रोप कुणाचं ते पानंच सांगतील. ज्या झाडांची रोपं त्यात निघणार नाहीत, त्यांचं बी माझ्यामुळं गेलं.

हे पत्र टपालात टाकत नाही. सरांच्याच हाती देणार आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. आधी त्यांनी वाचायचं, मग तू. तुला काही ठाऊक नव्हतं हे त्यांना माझ्या अक्षरात दिसू दे. नंतर तुला जे बोलायचं ते बोल, फक्त अबोला धरू नकोस.

चूक कुणाची हे सरांना नीट कळावं म्हणून खाली पूर्ण नाव लिहिते.

तुझी अव्वा,
सौ. नीलम्मा भीमाप्पा हुक्केरी