एकही शिडी परत आली नाही

६ सप्टेंबर, शनिवार

वर्गात सगळ्यांच्या आधी पोहोचले. दहा मिनिटं! बाकीची मंडळी घड्याळ घरी ठेवून येतात. शिपायाने मला प्राध्यापक समजून फळा पुसून दिला. मी त्याला थांबवलं नाही — फळा पुसायला हवाच होता.

विषय — व्यवसायनीती आणि उद्योजकता. माझं वय सत्तावन्न. पदवी घेऊन छत्तीस वर्षं झाली, तीही पदार्थविज्ञानाची. मुलगा म्हणाला, "बावीस वर्षं शिड्यांचा कारखाना चालवतेस. आता तुला धंदा कोण शिकवणार, आई?" म्हटलं, तेच बघायला जातेय.

ओळख करून द्यायची होती. पोरंपोरी उठून 'स्वप्नं', 'झेप' वगैरे बोलली. मी उभी राहिले आणि सांगितलं — "ॲल्युमिनियमच्या शिड्या बनवते. बावीस वर्षांत एकही शिडी परत आलेली नाही." बसले. छान वाटलं. का वाटू नये?

शेजारची मुलगी केसांत पेन्सिल खोचते आणि मग वर्गभर पेन्सिल शोधते. तिचं नाव 'पेन्सिल' ठेवलंय.

१३ सप्टेंबर, शनिवार

प्राध्यापिका माझ्या मुलाहून लहान. पण उत्तर भरकटलं की मधेच तोडतात. मला आवडल्या.

गृहपाठ असा — धंद्यात तुम्ही गिऱ्हाइकाला रोज सांगता असं एक वाक्य निवडा. ते खरं आहे हे पुराव्यानिशी दाखवा. पुढच्या शनिवारी वर्गापुढे.

पेन्सिलच्या आईचं शिवणकामाचं दुकान आहे. तिने 'आमचा कपडा धुण्यात आटत नाही' हे वाक्य घेतलं. "काकू, तुमचं?" म्हटलं, माझं तर प्रत्येक शिडीवर चिकटवलेलंच आहे — 'वजन क्षमता १५० किलो'.

"मग काय, तुमचं पाच मिनिटांचं काम!"

मलाही तसंच वाटलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

चाचणीचा कागद मिळत नाही. कपाट झालं, खण झाले, जुन्या फायली झाल्या. माझ्याकडे कागद हरवत नाहीत. म्हणून सगळं पुन्हा एकदा उपसलं.

मिस्त्रींना बोलावलं. पहिल्या शिडीपासून माझ्याबरोबर आहेत. विचारलं, दीडशे किलोची चाचणी आपण कुठे करून घेतली होती? ते चष्मा पुसत राहिले.

"बाई, खरं सांगू?"

"मग काय, खोटं सांगायला बोलावलंय?"

"स्टिकर छापणारा दारात उभा होता. आकडा काय टाकू, म्हणत होता. तुम्ही समोरच्या दुकानातली दुसऱ्या कुणाची तरी शिडी बघून आलात आणि म्हणालात, टाका दीडशे. चाचणी नंतर करू."

आणि मला आठवलं. ते दार, तो छापणारा, त्याची घाई. माझीही. ते 'नंतर' कधी आलंच नाही. इतकी वर्षं हा आकडा लोकांना ठणकावून सांगितला. सांगता सांगता तो मलाच पाठ झाला. पाठ झालेलं खरंच वाटतं.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्हाला कोण बोलणार, बाई!"

हे मात्र लागलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पेन्सिलला फोन केला. "काकू, वाक्य बदला ना! 'रंग उडत नाही' घ्या." शिडीला रंगच नाही, बये.

१८ सप्टेंबर, गुरुवार

चाचणी केली. कारखान्यातच, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. पेन्सिल आली होती आकडे लिहून घ्यायला. वाळूच्या पिशव्या, प्रत्येकी पंचवीस किलो. काट्यावर मी स्वतः तोलल्या.

आधी आठ फुटी शिडी. पायरीच्या मधोमध साखळी, साखळीला पिशव्या. सहा — दीडशे झाले. सातवी. आठवी! पायरी जागची हलली नाही. एकेक करून सगळ्या पायऱ्या झाल्या. मिस्त्री पेन्सिलला म्हणाले, "लिहा ताई, ठळक लिहा." माझी मान ताठ.

मग बारा फुटी. वरच्या पायऱ्या उत्तम. मधल्या उत्तम. खालून तिसरी — चार पिशव्यांपर्यंत ठीक. पाचवी अडकवली आणि बारीक कर्रकन आवाज आला. पायरी मधोमध वाकली, पायरी दांड्याला धरून ठेवणारं एका बाजूचं रिव्हेट उपटून आलं. एकशे पंचवीस.

मिस्त्रींनी ते रिव्हेट उचलून माझ्या हातात दिलं.

कारण कळायला मला अर्धं मिनिट लागलं. बारा फुटी शिडी खाली जास्त रुंद असते, म्हणजे खालच्या पायऱ्या लांब. पायरीची नळी मात्र आम्ही आठ फुटी शिडीचीच वापरतो. नळी जितकी लांब तितकी लवकर वाकणार. हे मी कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकले होते. चांगले गुण होते त्यात!

१९ सप्टेंबर, शुक्रवार

विक्री मुलगा बघतो. ग्रंथालयांची साठ शिड्यांची ऑर्डर त्याने वर्षभर मागे लागून आणलीय. सगळ्या बारा फुटी.

"एकाने तरी तक्रार केलीय का, आई?"

"नाही."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. हात दाखवून अवलक्षण कशाला? उद्यापासून गुपचूप जाड नळी घाल. वर्गात आठ फुटी दाखव. तीही आपलीच शिडी आहे ना?"

यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त राग आला.

"आणि विकून झालेल्या?"

"बावीस वर्षांत एकही परत आली नाही. तूच तर जगाला सांगतेस!"

म्हटलं, "मूठ झाकलेली असेल. शिडीवर चढलेला माणूस उघड्यावर असतो." जेवायला तोंड फिरवून बसला. ताट मात्र चाटूनपुसून स्वच्छ केलं.

२० सप्टेंबर, शनिवार

वाकलेली पायरी पिशवीत घालून नेली. टेबलावर ठेवली. बोलले ते असं — "वाक्य: वजन क्षमता दीडशे किलो. आठ फुटी शिडीसाठी खरं. बारा फुटीसाठी खोटं. आकडा दुसऱ्याच्या शिडीवरून उचलला. उचलणारी मी." सात मिनिटं दिली होती, तीन पुरली.

मागून एक दीडशहाणा — "मग काकू, तुमचा धंदा बसला की!"

"धंदा उभा आहे. तू बस."

वर्ग हसला. प्राध्यापिका हसल्या नाहीत. पायरी हातात घेऊन उलटसुलट बघत होत्या. "पुढे काय?" म्हटलं, विकलेल्या सगळ्या बारा फुटी परत बोलावणार, खालच्या पायऱ्या बदलून देणार. "कधीपासून?" सोमवारपासून. "लेखी द्या." दिलं. तिथेच, सहीसकट.

वर्गात सर्वांत जास्त गुण मला! दुसरी पेन्सिल. तिचा कपडा चक्क आटला, आणि पोरीने तो तसाच सगळ्यांसमोर धरला. शाबास! घरी बसने आले नाही. चालत आले, मुद्दाम. छत्तीस वर्षांनी पहिला नंबर.

२४ सप्टेंबर, बुधवार

दुकानादुकानांत पाट्या लागल्या. मजकूर माझा होता — 'काही शिड्यांमध्ये दोष असू शकतो'. छापून आलं ते वेगळंच — 'आमच्या बारा फुटी शिडीच्या खालच्या पायऱ्या कमजोर आहेत. चूक आमची. बदलून नेणे.' मुलाने परस्पर बदललं! "तुझं वाक्य गुळमुळीत होतं," म्हणाला. मला! माझाच मुलगा.

ग्रंथालयांनी कळवलंय — जाड नळीची चाचणी आमच्यासमोर करा, मग घेऊ. मिस्त्री शीळ घालत पिशव्या भरतायत.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिली शिडी परत आली. एक रंगारी हातगाडीवर घालून घेऊन आला. खालून तिसरी पायरी वाकलेली, हातोडीने ठोकून सरळ केलेली.

"कधी झालं हे?"

"झाली की नऊ वर्षं. दोन्ही हातांत रंगाचे डबे होते. मला वाटलं, माझाच पाय चुकला."

"अहो, मग तेव्हाच का नाही आणलीत?"

"शिडीवर दीडशे लिहिलंय ना, बाई. म्हटलं, चूक आपलीच असणार."

नवी शिडी गाडीवर चढवली आणि फाटकाकडे निघाला — डावा पाय ओढत.