गारव्यात उतरवलेलं छप्पर

५ मे १९८६, सकाळ
सगळ्यांची विचारपूस केली. बायकोचा, अंजनाबाईचा, गुडघा कालच्यापेक्षा बरा. गाय खाते-पिते. लेक सत्यशीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. झोप लागली म्हणाली, पाय मात्र सुजलेत. नर्सबाई म्हणते, अजून पंधरा दिवस. माझी तब्येत उत्तम. कोणी विचारलं नाही.
मे महिना आणि पहाटे चादर लागली! साठ वर्षांत पाहिलं नाही असं.
निश्चय: घराचे कवेलू, म्हणजे कौलं, आत्ताच फेरायचे. एरवी नऊनंतर छपरावर पाय पोळतात. या गारव्यात कवेलू फेरणारा लच्छू दिवसभर वर बसेल.

६ मे
लच्छूनं सगळे कवेलू उतरवले. खालचे बांबू वाळवीनं खाल्लेले. नवे उद्या. अंजनाबाई म्हणे, पोरगी बाळंतपणाले टेकली अन् घराचं टक्कल काऊन केलं? समजावलं, पावसाला अजून महिना आहे. हवामान हा माझा विषय. फक्त सर्टिफिकेट नाही.

७ मे
लच्छू आला नाही. तेंदूपत्ता सुरू झाला, बिडीची पानं तोडायला बायकोसकट जंगलात गेला. गावात धडधाकट माणूस उरला नाही. ही बाब प्लॅनमध्ये धरायची राहिली.
संध्याकाळी रेडिओ: विदर्भात तुरळक ठिकाणी वादळी पाऊस, गारा. तुरळक म्हणजे आपण नाही. शेजारचा बापूराव कुंपणावरून म्हणे, रामाजीभाऊ, त्या रेडिओले तुमचा पत्ता ठाऊक हाय का नाई? हसलो नाही. जेवण गेलं नाही. उकाडा नसला की भूक कमी लागते.

८ मे, दुपारी २
अंधारून आलं. भ्यालो नाही.
ताडपत्रीसाठी पाच घरं फिरलो. सगळ्यांच्या ताडपत्र्या जंगलात, पानांच्या पुड्यांवर.
सत्यशीलेला धीर द्यायला गेलो. ती म्हणे, बाबा, तुमी आधी बसा, तोंड पांढरं पडलं तुमचं.

४ वाजता
तिला कळा सुरू. पंधरा दिवस म्हणाली होती नर्सबाई! डोक्यावर नुसतं आभाळ, तेही काळं. माझ्या शहाणपणापायी पोरीचं काही झालं तर?
निश्चय: शांत राहणे.
पहिली गार अंगणात पडली. बापूरावला हाक मारायला जातो.

९ मे, सकाळ. बापूरावच्या ओसरीवर
हाक मारावी लागलीच नाही. तोच धावत आला. खाट दोघांनी उचलली, अंजनाबाईनं पोरीच्या अंगावर गोधडी धरली, नर्सबाईला बापूरावच्या बायकोनं आणलं. आमच्या घरात घोट्यापर्यंत पाणी.
जावयाला आलापल्लीला पत्र लिहायला घेतलं. "बाळंतपण शेजारी केलं, कारण तिथं हवा चांगली" असं लिहिलं होतं. खोडलं. आता हे पाठवतो:

"गुलाबराव, जयभीम. काल रात्री मुलगी झाली. दोघी सुखरूप. घराला छप्पर नाही, मीच काढलं. सध्या सगळे बापूरावांकडे आहोत. येताना ताडपत्री आणा, जमल्यास दोन माणसंही. आज आभाळ स्वच्छ आहे, पाऊस येणार नाही असं मी सकाळी म्हणालो, तेव्हापासून अंजनाबाई वाळत घातलेली दुपटी आत घेते आहे. कधी निघता ते उलट टपालानं कळवा."