भिंत भरीव वाजेपर्यंत

सोमवार
आलो एकदाचे. मी आणि मेहुणा. मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. अंगानं दांडगा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणतात. काम छोटंच आहे: न्हाणीघराच्या भिंती आणि जमीन तयार करायची, मग टाइल्स बसवायच्या. घरात मालकीणबाई एकट्याच असतात. काम होईपर्यंत राहायला शेजारची खोली दिली आहे. हवेशीर आहे, आणि चहा न मागता येतो. पैलवान म्हणाला, ही तर सासुरवाडीच झाली. मी म्हटलं, माझी सासुरवाडी तूच, तिथं मागूनही मिळत नाही. बाईसुद्धा हसल्या.

मंगळवार
टाइल बसवणं सोपं, खरी मेहनत खालच्या तयारीची. थापीच्या दांड्यानं ठोकत सगळा गिलावा तपासला. घट्ट गिलावा ‘टक’ वाजतो, सुटलेला ‘डब’. नळाच्या भिंतीचा मधला भाग डब वाजला. छिन्नीनं फोडला, धूळ झाडली, पाणी मारलं, सिमेंटचा नवा माल भरला. पैलवान गुणगुणत जमिनीला जाळीकडे उतार देत होता. दिवस झकास गेला.

बुधवार
कालचा भाग आता टक वाजतो. पण त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, डब. तिथं काल मी ठोकलं होतं, ठणठणीत होतं. पैलवान म्हणाला, भिंतीला गॅस झालाय. तेही फोडलं. आत पोकळी नाहीच, विटा घट्ट. तरी डब.
बाईंना विचारलं, आधी कुणी काम केलं होतं का. म्हणाल्या, हो, एक मिस्त्री होता. फार भला माणूस. बराचसा भाग त्यानंच भरला.

गुरुवार
पैलवान जेवला नाही. दिवसभर भिंतीला पाठ लावून बसला. म्हणाला, गार वाटतं. कामचुकार म्हणून मी गमतीनं त्याच्या पाठीत दांडा हाणला.
डब.
तो हसला. मला हसू आलं नाही.
त्याला बाजूला सरकवून मागची भिंत ठोकली. टक.

शुक्रवार
काम गेलं खड्ड्यात. हत्यारं गोळा केली. पैलवान उठेना. काखेत हात घालून उचलला, तर रिकाम्या गोणीसारखा वर आला. एवढा माणूस! फाटकापर्यंत नेला आणि त्याचा श्वासच थांबला. धावत परत आणून भिंतीला टेकवला, तेव्हा कुठे सुरू झाला.
बायकोला फोन केला. तुझा भाऊ आजारी आहे, लगेच ये म्हटलं.
का केला मी तो फोन?

शनिवार
पैलवान नाही.
भिंतीपाशी त्याचे कपडे आहेत. बसल्यासारखे. बटणं लावलेली.
भिंत ठोकली. टक. टक. टक.
बाई आल्या, बोटांनी वाजवून पाहिली. म्हणाल्या, "छान भरलीत हो. आता एवढंच राहिलं." नळाच्या वर, माझ्या छातीएवढ्या उंचीवर त्यांनी बोट वाजवलं. डब. मी त्यांच्या अंगावर ओरडलो. त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, भिंत पोकळ राहिली की ती पोकळी माझ्याकडे सरकते. सगळी भरली आणि वर टाइल्स लागल्या, की नाही सरकणार.
दुपारी — पळालो. फाटकापर्यंतच. पुढे श्वास येत नाही. मलाही.
बायकोचा फोन लागत नाही. निघाली असणार.

रविवार
मीच पाठ टेकून बसलोय. बायको यायच्या आत भिंत भरली पाहिजे. मी पुरलो तर तिला कुणी —
भूक नाही. हात कागदासारखा. पेन जड.
भिंत ठोकतो. डब.
पुन्हा. डब. अजून —
पैलवान एवढा दांडगा, तरी उरलं. मी कुठे पुरणार.

फाटक वाजलं.
ओरडायला गेलो, आत येऊ नकोस. आवाज फुटतच नाही.
विचारतेय, दादा कुठाय. हे कुठायत. बाई किती प्रेमानं बोलतात — आत आहेत, ये ना.
चपला काढल्या. इकडेच —