उजवीकडचा रकाना

२८ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं असेलच. पंत आणि राव यांना तुझ्या गळ्यात टाकून मी नोकरीच्या गावी निघून आलो, म्हणून निघताना तू मला निर्दयी म्हणाली होतीस. आता बघ, दोन कासवांसाठी केवढा संसार पाठवलाय तो.

सगळं माझ्या खोलीत मांड. दिव्याची लांब नळी त्यांच्या पाठीपासून फूटभर उंच टांगायची. मध्ये काच नको. काचेतून उजेड येतो, पण कासवांना लागणारं ऊन येत नाही. तापणारा दिवा एका कोपऱ्यात आणि त्याखाली चपटा दगड. दगडावर तेहतीस अंश हवेत, पलीकडच्या टोकाला चोवीस चालतील. ज्याला उकडेल तो आपला सरकेल. दिवे बारा तास, हीटर मात्र अखंड. मी जन्मभर प्रदर्शनांची रोषणाई करत आलोय, तेव्हा यात डोकं चालवू नकोस.

अण्णांना म्हणावं, चौतीस वर्षं वेधशाळेत पारा वाचलात, आता माझ्या कासवांसाठी वाचा. सकाळ-संध्याकाळ खोलीचा आकडा वहीत लिहायचा आणि दर पत्रात मला कळवायचा. फेब्रुवारीत मी येऊन दोघांना घेऊन जाईन आणि आठ दिवस अण्णांजवळ राहीन. कासवं धडधाकट हवीत, नाहीतर येऊ कशाला, असं गमतीनं सांग त्यांना.

लोभ आहेच. तो पंत-रावांपर्यंतही पोचू दे.

तुझा,
बापू

६ डिसेंबर

चि. बापूस,
अ. आ.

तुझ्या संस्थानिकांची सोय झाली. शिडीवर मी, खाली शिडी धरायला अण्णा, आणि दोघांच्या मध्ये तुझं पत्र. पंतांनी दगडावर चढून मान बाहेर काढली तेव्हा अण्णा लहान मुलासारखे हसले. आई गेल्यापासून ते हसणं ऐकलं नव्हतं.

तुझा निरोप मी गमतीनंच सांगितला, पण त्यांनी तो गमतीनं घेतला नाही. वेधशाळेतली जुनी कोरी वही काढली, पट्टीनं दोन रकाने आखले. डावीकडे कासवांची खोली, उजवीकडे त्यांची स्वतःची. एकाच ठिकाणचा आकडा लिहिला तर कशाशी ताडून बघायचा, असं म्हणाले. आज डावीकडे २८ आणि उजवीकडे १९.

एक अडचण आहे. तुझा हीटर आणि अण्णांचा हीटर एकदम लावले की फ्यूज उडतो. दोनदा उडाला. कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावू का? इथे यंदा थंडी फार आहे आणि अण्णांची छाती तुला माहीतच आहे.

बाकी क्षेम. जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई

१३ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पंतांनी दगड सर केला हे वाचून ऊर भरून आला! रावांचं काही लिहिलं नाहीस. ते काय खातात?

वायरमनला घरात घेऊ नकोस. ती माणसं जिथे हात लावतात तिथे बिघाड करून जातात, माझी सगळी मांडणी विस्कटून टाकतील. घरातली वायर जुनी आहे, दोन हीटर ती पेलणार नाही, हे मी इथे बसून सांगू शकतो. त्यातला एक बंद ठेवायचा, इतकं सोपं आहे. अण्णांचा ठेव. माणसाच्या अंगात स्वतःची ऊब असते, कासवाला बिचाऱ्याला ती बाहेरून लागते. शिवाय अण्णांकडे दोन रजया आहेत. पंतांकडे आहे का एक तरी?

आणि उजवीकडचा रकाना कळवत जाऊ नकोस. आकडे वाचताना माझा गोंधळ होतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बापू

२२ डिसेंबर

चि. बापूस,
अ. आ.

तुझं पत्र अण्णांनीच आधी उघडलं. मी छापखान्यातून मुद्रितं तपासून घरी आले, तेव्हा त्यांनी आपल्या हीटरची वायर गुंडाळून तो माळ्यावर टाकलासुद्धा होता. मी आवाज चढवला. ते म्हणाले, पोराच्या हातची चीज आहे, ती चालली पाहिजे, ती चालली की तो येईल. मग मीही गप्प बसले. तुझ्यापुढे आणि त्यांच्यापुढे गप्प बसायची मला सवयच आहे.

आता ते खुर्ची घेऊन दिवसभर पंत-रावांच्या खोलीत बसतात, पेपर मोठ्यानं वाचून दाखवतात. तिथे खोकला कमी येतो. तुझी हरकत नसावी. राव काकडी खातात, आणि अण्णांच्या चपलेची वादीही.

डावीकडे २९. उजवीकडचं कळवू नकोस म्हणालास, म्हणून लिहीत नाही.

तुझी,
ताई

३० डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हरकत आहे, आणि चांगलीच आहे. अण्णा तासातासाला चहा, बाथरूम, पेपर यासाठी उठणार, दार उघडं टाकणार आणि गार हवा थेट रावांच्या अंगावर येणार. शिवाय ते खोकतात. कासवांची छाती फार नाजूक असते, एकदा सर्दी बसली की संपलं. खोलीला कुलूप लाव आणि किल्ली तुझ्याकडे ठेव. सकाळ-संध्याकाळ खाणं घालायला काय ते उघड. दाराला वरती काच आहेच, आकडा अण्णांनी तिथून वाचावा. चष्मा कशाला आहे?

रागावू नकोस. म्हाताऱ्या माणसांचे लाड केले की ती बसतात ती उठत नाहीत. पाच फेब्रुवारीचं नक्की धर. अण्णांना सांग, बुद्धिबळाचा पट पुसून ठेवा.

कृपादृष्टी आहे ती राहू दे.

तुझा,
बापू

१२ जानेवारी

चि. बापूस,
अ. आ.

कुलूप लावलं. पट पुसून ठेवलाय, एक प्यादं सापडत नव्हतं म्हणून अण्णांनी तिथे बटण ठेवलंय.

सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच, ते काचेपाशी उभे राहतात. आतला नारिंगी उजेड त्यांच्या तोंडावर पडतो. आकडा मिळाला तरी जरा वेळ तिथेच थांबतात, काचेला तळहात लावून. मी विचारलं तर म्हणाले, पंतांकडे बघतोय.

डॉक्टर येऊन गेले. खोली गरम ठेवा म्हणाले. मी त्यांना बरं म्हटलं.

डावीकडे ३०. पाच तारखेची गाडी कितीची आहे ते कळव, त्यांनी चारदा विचारलं.

तुझी,
ताई

२२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एक आनंदाची बातमी! इथल्या एका गृहस्थांनी मला कासवांची नवी जोडी दिली, तळहातावर मावतील एवढाली. त्यांची मांडणी करण्यात दोन आठवडे कुठे गेले कळलं नाही. आता ही पिल्लं टाकून मला हलता यायचं नाही, तेव्हा पाच तारखेचं रद्द समज. पंत-राव तिथे रमलेतच, त्यांना आता तिथेच राहू देत. अण्णांनाही सोबत होईल.

आकडे पाठवले नाहीत तरी चालेल आता.

तुझा,
बापू

३ फेब्रुवारी

चि. बापूस,

पंत आणि राव खुशाल आहेत. पंतांचं वजन वाढलंय. त्यांना अजून पन्नास वर्षं तरी मरण नाही, असं प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले.

अण्णा एकतीस तारखेला सकाळी गेले. तुला तार केली नाही. पिल्लं टाकून तुला हलता येत नाही, हे तू आधीच कळवलं होतंस.

तुझं पत्र अठ्ठावीसला आलं. त्यांना उठवत नव्हतं, वाचून दाखव म्हणाले. वीस वर्षं मी छापखान्यात मूळ मजकुराबरहुकूम वाचत आले, त्या दिवशी पहिल्यांदा बदलून वाचलं. पाचला सकाळच्या गाडीनं येतोय, असं वाचलं. त्यांनी वही मागितली आणि मला डावीकडचा आकडा काचेतून बघून यायला सांगितलं. मी बघून आले. किल्ली माझ्या कमरेला होती, बापू. ते दार उघडून मी त्यांची खाट आत सरकवू शकत होते. एका माणसाचं काम होतं ते. मी आकडा आणला. तू जे केलंस ते दुरून केलंस, मी ते घरात राहून केलं, आणि याची मला कुणाकडून क्षमा नको आहे. तुझ्याकडून तर नकोच.

काल वायरमनला बोलावलं. त्यानं बोर्ड उघडून बघितलं. दोन्ही खोल्या एकाच लाइनवर होत्या आणि स्वयंपाकघराची लाइन मोकळी पडली होती. त्यानं अण्णांच्या खोलीचा प्लग तिकडे जोडला. दहा मिनिटं लागली. एवढ्यासाठी तुम्ही सबंध हिवाळा काढलात, असं विचारून तो हसला. मी हीटर माळ्यावरून काढून लावला, दोन्ही हीटर चालू आहेत, फ्यूज उडत नाही.

वहीची शेवटची ओळ उतरवून देते. ३० जानेवारी, संध्याकाळी पाच. डावीकडे ३०, उजवीकडे ११. अक्षर त्यांचंच आहे, जरा हललंय, पण आकडे स्पष्ट आहेत. त्याखाली आजची ओळ मी लिहिली आहे. डावीकडे ३०, उजवीकडे २१.

वही वेगळ्या टपालानं पाठवते आहे, दोन्ही रकान्यांसकट. गोंधळ झाला तरी वाच.

लोभ मागत नाही. तो तिकडच्या पिल्लांना लागेल.

ताई