वाटाण्यांच्या डोंगरावरची रंगीत तालीम

तीर्थस्वरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे यंदाचा साष्टांग खुर्चीत बसूनच केला आहे, पण भाव आडवाच समजावा.) तुमचा गुडघा पहिल्यासारखा कुरकुरत नसेल, रात्रीची झोप नीट लागत असेल आणि तुम्ही कपाटामागे लपवलेला गोडाचा डबा वहिनींना अजून सापडला नसेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही खुशाल आहोत. निदान मी तरी आहे. तुमच्या धाकट्या बहिणीबद्दल, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींबद्दल, पुढे ओघानं येईलच.

पत्रास कारण की, यंदाच्या हिवाळ्यात बर्फातला ट्रेक करायचाच, असं आमच्या घरात ठरलं आहे. आता तुम्ही म्हणाल, हे तर गेल्या हिवाळ्यातही ठरलं होतं. खरं आहे. त्याच्या आदल्या हिवाळ्यातही ठरलं होतं. करायचा हे ठरायला आमच्याकडे कधीच वेळ लागत नाही, कोणता करायचा इथे घोडं अडतं. तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी राहता, खिडकी उघडली की बर्फ आत डोकावतो, त्यामुळे तुम्हाला यातली गुंतागुंत कळायची नाही. आम्हा सपाटीवरच्या माणसांना बर्फ निवडून घ्यावा लागतो. माझ्यासमोर तीन ट्रेकची पत्रकं आहेत. एक गोठलेल्या तळ्याकडे जातो, एक जंगलातून जातो आणि एक सरळ शिखरावर. तिन्हींवर ‘सोपा’ असं लिहिलं आहे आणि तिन्हींवर लाल टोपी घातलेली तीच बाई तेच दात दाखवून हसते आहे. म्हणजे तिलाही एक निवडता आला नाही, तिन्ही करावे लागले. मग माझ्यासारख्यानं काय करावं?

मी ट्रेकवाल्यांच्या कार्यालयात फोन केला. (एकदाच नाही. ते असो.) तिकडच्या मुलीला विचारलं की तळ्यावरच्या बर्फाचं तापमान नेमकं किती असतं, जंगलातल्या बर्फात ओलावा किती, आणि शिखरावरचा भुसभुशीत असतो की दाबून बसलेला. ती म्हणाली, ‘काका, बर्फ असतो. थंड असतो.’ दादा, शीतगृहातल्या शून्याखालच्या खोलीचा प्रमुख म्हणून ज्यानं हयात काढली, त्याला ‘थंड असतो’ हे उत्तर! मी तिला थंडीचे प्रकार समजावून सांगू लागलो, तर तिनं मध्येच विचारलं की मी शेवटचा जिना कधी चढलो होतो. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, त्यामुळे हा प्रश्नच अप्रस्तुत होता आणि मी तसं तिला सांगितलं.

तुमच्या बहिणीचं म्हणणं मात्र अगदी सरळ आहे. तिला बर्फ बघायचा आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून बघायचा आहे. तुम्ही त्या डोंगराखाली घर केलंत तेव्हा ती आजारी सासूबाईंपाशी होती, मग मुलांच्या परीक्षा होत्या, मग मुलं शिकायला बाहेरगावी गेली आणि माझी निवड सुरू झाली. माझ्याकडून प्रयत्नांत कसूर नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगतो. एकदा मी आमच्या यंत्राच्या नळ्यांवरचा बर्फ खरवडून जेवणाच्या डब्यात भरून तिच्यासाठी घरी आणला होता. चांगला पांढराशुभ्र, हलका. तिनं झाकण उघडलं, बघितलं आणि म्हणाली, ‘हा बर्फ नाही, हा मशीनचा घाम आहे.’ मग त्यावर दुधाचं पातेलं ठेवलं. तेव्हापासून मी ठरवलं की या बाईला बर्फ दाखवायचा तर असा दाखवायचा की नाव ठेवायला जागा उरता कामा नये. आता अशा निवडीला वेळ लागणार की नाही? ती म्हणते, अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. मी म्हणतो, रिकामा असला तरी घसरून दरीत गेलेला नाही.

तर या भिजत घोंगड्याचा एकदाचा निकाल लावावा म्हणून मला एक कल्पना सुचली. तिन्ही ट्रेकची आधी तालीम घ्यायची. थंडी आमच्याकडे आहेच, ती कुठून आणायची नाही. प्रश्न फक्त चढाचा होता, आणि आमच्या शून्याखालच्या खोलीत त्या आठवड्यात गोठवलेल्या वाटाण्यांची खोकी छतापर्यंत भरलेली होती. मालकांना विचारलं. ते फोनवर दुसऱ्या कुणाशी तरी भांडत होते, त्यांनी हात हलवला, मी तो होकार समजलो. सुट्टीच्या दिवशी आमच्या लिफ्टगाडीच्या ड्रायव्हरला बोलावलं. (ही माणसं उचलणारी लिफ्ट नव्हे, पुढे दोन लोखंडी सुळे असलेली खोकी उचलणारी गाडी. ड्रायव्हर मात्र सुळ्यांवर माणसंही चढवायला तयार असतो, इतका उत्साही आहे.) त्यानं सकाळपासून खपून खोक्यांच्या तीन चढणी रचल्या. तळ्याची सौम्य, जंगलाची वळणावळणाची, आणि शिखराची अशी की बघूनच माझ्या तोंडचं पाणी पळालं. गार हवा फेकणारे मोठे पंखे पूर्ण वेगात सोडले की हिमवादळाचीही सोय होती. तुमची बहीण कोट, कानटोपी, हातमोजे चढवून तयार होऊन आली. खरं सांगतो, दादा, त्या कानटोपीत ती इतकी गोड दिसत होती की क्षणभर मी पत्रकं विसरलो.

इथे आमच्या भांडारपालाची ओळख करून द्यायला हवी. हा गृहस्थ खोलीच्या दाराशी बसतो. (सकाळी ड्रायव्हर आत शिरला तेव्हा हा अजून यायचा होता.) आत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची आवक लिहितो आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक वस्तूला जावक पास देतो, ज्यावर खोलीप्रमुखाची म्हणजे माझी सही लागते. पासाशिवाय आतलं काहीही बाहेर येणार नाही, हा नियम मीच केला आहे. (आइस्क्रीमचं एक खोकं पायी चालत गेल्यानंतर केला. ड्रायव्हरला त्याबद्दल काही ठाऊक नाही, असं तो न विचारता सांगतो.) आम्ही तिघं दाराशी गेलो, तर भांडारपालानं हात आडवा घातला. त्याचं म्हणणं असं : आज सुट्टी, म्हणजे तुम्ही आज कर्मचारी नाही. बाईसाहेब तर कधीच नव्हत्या. आणि बाहेरच्या माणसाला आत जायला सक्त मनाई आहे. म्हणून माणूस या नात्यानं तुम्हाला आत सोडता येत नाही, माल म्हणून सोडतो.

मला त्याचा तर्क फार आवडला. मी ड्रायव्हरकडे बघून म्हणालोसुद्धा की याला म्हणतात काम! त्यानं आमची रीतसर आवक लिहून घेतली. माझ्यापुढे ‘नग एक, जुना साठा’ असं लिहिलं. ड्रायव्हरपुढे ‘नग एक, किरकोळ’ असं लिहिलं. तुमच्या बहिणीपुढे ‘नग एक, नाजूक, उभा ठेवावा’ असं लिहिलं. मग वजन विचारलं आणि ते न सांगितल्यामुळे ‘अंदाजे’ लिहून वापराची शेवटची तारीखही विचारली. तेव्हा तिनं त्याच्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर तुम्ही लहानपणी बघितलीच असेल.

तालीम उत्तम सुरू झाली. तळ्याचा ट्रेक आम्ही हसतखेळत केला. जंगलाच्या ट्रेकमध्ये एका वळणावर माझा कोट अडकला, पण जंगल म्हटलं की हे आलंच. शिखराला मी पुढे झालो, कारण वाट दाखवणं पुरुषाचं काम आहे असा माझा समज होता. (आता नाही.) निम्म्यावर माझा पाय एका खोक्यात घुसला, खोकं फाटलं आणि आतले वाटाणे निघाले. दादा, गोठलेला वाटाणा ही काय चीज आहे हे तुम्हाला सांगून कळणार नाही. एक निघाला की त्याच्यामागे सगळं घराणं निघतं. मी बसल्या बसल्या शिखरावरून जंगलात आणि जंगलातून तळ्यात असा तिन्ही ट्रेक एका दमात करून खाली आलो. ड्रायव्हर वादळाची मजा वाढवायला पंख्यांशी गेला होता, तोही पाय घसरून माझ्या शेजारी येऊन बसला. तुमची बहीण तेवढी वर उभी होती, एका खोक्यावर हात टेकवून, अगदी स्थिर. तिथून तिनं विचारलं, ‘झाली निवड?’

निवड झाली नव्हती, पण मला थंडी वाजू लागली होती, म्हणून आम्ही निघायचं ठरवलं. दाराच्या काचेतून मी भांडारपालाला खूण केली. त्यानं जावक पास काढला, तीन प्रती काढल्या, आणि मग त्याचा चेहरा पडला. पासावर खोलीप्रमुखाची सही हवी. खोलीप्रमुख आत, आणि आत तो माल आहे. माल स्वतःच्या पासावर सही कशी करणार? मी काचेला नाक लावून या मुद्द्याचा विचार केला आणि मला त्याचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आपलेच दात, आपलेच ओठ. ड्रायव्हर म्हणाला की साहेबांना आधी कर्मचारी करून घ्या. भांडारपाल म्हणाला, सुट्टीच्या दिवशी करता येत नाही. मी सुचवलं की आपण सोमवारची तारीख टाकू, तर तो म्हणाला, मग सोमवारपर्यंत थांबा. अशी आमची अतिशय मुद्देसूद चर्चा चालली होती. दात वाजत असूनही मला अभिमान वाटत होता की असा नियम मी केला आहे की जो मलाही मोडता येत नाही.

तुमच्या बहिणीनं विचारलं, ‘हे दार आतून उघडतं ना?’ मी म्हटलं, उघडतं की, दांडी खाली दाबली की उघडतं, कुणी अडकू नये म्हणून तशी सोय असतेच. ती म्हणाली, ‘मग?’ मी तिला पुन्हा पहिल्यापासून पासाचं समजावून सांगू लागलो. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग दांडी खाली दाबली, दार उघडलं आणि ती निघून गेली. भांडारपालानं लगेच ‘एक नग कमी भरला’ अशी नोंद केली, आणि दार पुन्हा लावून घेतलं, कारण आतला माल खराब होतो. शेवटी मालक त्यांचं भांडण संपवून आले आणि त्यांनी ड्रायव्हरला व मला ‘खराब माल’ या सदरात बाहेर काढलं. त्या सदराला सही लागत नाही, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मालक ते मालकच.

एकंदरीत तालीम उपयुक्त ठरली आणि निवड आता अंतिम टप्प्यात आहे. तुमच्याकडच्या बर्फात बुटांच्या आत एक मोजा घालावा की दोन, एवढं सवडीनं कळवावं. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. : निवड अंतिम टप्प्यात आहे असं वर लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. निवड झाली. तिनं केली. त्याच संध्याकाळी मी वाटाणे झटकत घरी पोचलो तेव्हा ती ट्रेकवाल्या मुलीशी फोनवर बोलत होती. कोणता ट्रेक हवा असं त्या मुलीनं विचारलं असणार, कारण तुमची बहीण म्हणाली, ‘ज्यात एक जागा रिकामी असेल तो.’ पलीकडून काहीतरी नाव आलं आणि ही म्हणाली, ‘चालेल.’ जे काम मला इतक्या हिवाळ्यांत जमलं नाही, ते तिनं एका ‘चालेल’मध्ये उरकलं. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली, मला म्हणाली, ‘तुम्ही निवडत राहा, मी बघून येते,’ आणि गेली. वर जाण्याआधी ती तुमच्याकडेच उतरली असणार. म्हणजे हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे आणि मी नमनाला घातलेल्या घडाभर तेलाची नासाडी झाली. मोज्यांचं मात्र खरंच विचारलं होतं.

आणखी एक ता. क. : दादा, मला करमत नाही. हे वाक्य मला पत्राच्या सुरुवातीलाच लिहायचं होतं, पण तिथे नमस्कार होता. निवडीचं काय होतं, ते आता तुम्हालाच सांगतो. वर गेल्यावर मला धाप लागेल, मी दगडावर बसेन आणि ती पुढे निघून जाईल, अशी मला धास्ती वाटायची. म्हणून मी इथेच बसून राहिलो, आणि ती पुढे निघून गेलीच. ती खाली उतरली की तिला लगेच परतीच्या गाडीत बसू देऊ नका. काहीही कारण सांगा, गुडघा दुखतो म्हणा. मी निघतो आहे.

अगदी शेवटचं : पोस्टात टाकलं तर पत्र माझ्यामागून पोचेल, म्हणून हातानंच घेऊन येतो आहे. मी दार वाजवीन आणि पत्र आत सरकवीन. तुमचं वाचून होईपर्यंत पायरीवर बसतो, घाई करू नका. दार तिनंच उघडलं तर पत्र आधी तिच्या हाती पडेल, म्हणून ही ओळ तिच्यासाठी : अगं, मी पुढच्या गटात दोन जागा घेतल्या आहेत. ट्रेक कोणता, ते विचारायचं राहिलं.