निंबापाशी थांबलेली रेषा

३ फेब्रुवारी २०२५
आलो एकदाचे बुऱ्हाणपुरात! सिंधीपुऱ्यात सुकलालकाकांच्या माडीवर दोन खोल्या मिळाल्यात. नळाला पाणी सकाळी तासभरच, जिना असा की ललितचं डोकं तीनदा आपटलं, पण खिडकीत ऊन भरपूर. सामान लागायच्या आधीच ललित मावा जलेबी घेऊन आला. काळी, जड, पाकाने निथळणारी. नाशकात असली कधी खाल्ली नव्हती. किती खाल्ल्यास म्हणून त्याने विचारलं, तेव्हा मुद्दाम आणखी एक उचलली.

काम तीन महिन्यांचं, इथल्या सर्वे कचेरीत. सर्वेचे जुने नकाशे मी कॉम्प्युटरवर गिरवायचे आणि ललितने जीपीएस घेऊन रानात फिरून ते ताडून बघायचे. लग्नाला सात महिने झाले, पण दोघांना एका गावात नोकरी पहिल्यांदाच. घरमालक सुकलालकाकाही ह्याच कचेरीत नकाशे काढून काढून रिटायर झालेले. आल्या आल्या मला बेटा म्हणायला लागले. बरं वाटलं.

६ फेब्रुवारी
आज शाहपूरच्या पलीकडचं गायरान घेतलं. तापीच्या बाजूने महाराष्ट्राच्या शिवेपर्यंत नुसतं चराऊ रान. चार वेगवेगळ्या काळातले चार नकाशे, सगळ्यात जुना एकशेतीस वर्षांचा. कागद पापडासारखा, हात लावायची भीती. प्रत्येकावर गायरानाभोवती काळी रेषा आहे, आणि प्रत्येकावर ती दक्षिणेला एका निंबाच्या झाडापाशी थांबते. तांदळाच्या दाण्याएवढी फट राहते. कागद बदलले, काढणारे हात बदलले, नदीसुद्धा जराशी सरकली, पण फट तिथेच.

चौथा नकाशा काकांच्याच हातचा. संध्याकाळी विचारलं, तर म्हणाले की चूक नाही बेटा, रिवाज आहे. त्या रानात चकवा लागतो. माणूस चालत राहतो आणि फिरून फिरून त्याच जागी येतो. शेवटी निंबापाशी आला की सुटतो. म्हणून गुराखी काटेरी कुंपण घालताना तेवढी जागा मोकळी सोडतात, आणि नकाशा काढणाराही तिथे पेन उचलतो. त्यांना त्यांच्या साहेबांनी शिकवलं, साहेबांना त्यांच्या साहेबांनी. मी हसू दाबलं. ललितला दाबता आलं नाही. काका चहा अर्धा टाकून खाली गेले.

११ फेब्रुवारी
आमचे साहेब भूपेंद्रजी सकाळपासून डोक्यावर बसलेत. रेषा उघडी राहिली की सॉफ्टवेअर क्षेत्रफळ काढत नाही, लाल खूण दाखवतं. म्हणाले, मॅडम, ये क्या गॅप छोड रखा है, फाइल भोपाळला जायची आहे. काकांचं सांगायला गेले तर असे काही हसले की मलाच लाज वाटली. एम.एस्सी. झालेय मी, आणि चकव्याच्या गोष्टी सांगतेय! टिचकी मारली. दोन टोकं चिकटली, लाल खूण गेली, क्षेत्रफळ आलं. काकांना बोलले नाही. उगाच कशाला डोक्याला ताप.

१२ फेब्रुवारी
ललित सकाळी आठला गायरानात गेला, निंबाची जागा ताडायला. साडेबाराला फोन आला, हसत होता. म्हणाला, गंमत बघ, तिसऱ्यांदा त्याच निंबासमोर आलोय. मी म्हटलं, मोबाइलमध्ये बघ आणि नीट चाल.

तीनला पुन्हा फोन. आता हसत नव्हता. निंब समोर दिसतो, चार पावलं उरतात, आणि मग निंब पाठीमागे असतो. आतली गुरंही तशीच फिरतायत. पाणी संपलंय. त्याने लोकेशन पाठवलं. माझ्या नकाशावर त्याचा ठिपका सरकत सरकत रेषेपाशी येतो आणि वळतो. मी काल जोडलेल्या रेषेपाशी.

पोलीस चौकीत गेले. ते म्हणाले, फोन उचलतोय ना, मग हरवला कसा? घरी काकांना सांगितलं. आधी मी खोटंच बोलले, रेषा कुणी जोडली मला माहीत नाही म्हणून. त्यांनी पुन्हा विचारलं. मग रडत रडत सगळं ओकले. काका म्हणाले, रेषा खोल, आत्ताच्या आत्ता. कचेरीला कुलूप. भूपेंद्रजी फोन उचलत नाहीत. खूप भीती वाटतेय. हे माझ्या हातून झालंय.

१३ फेब्रुवारी, सकाळी १०
कुलूप निघालं तशी आत धावले. जोड खोडला. फट आहे. लाल खूण परत आली, इतका आनंद कधी झाला नव्हता. भूपेंद्रजी अजून आलेले नाहीत. स्क्रीनवर चिठ्ठी चिकटवली — ह्याला हात लावू नका, पाया पडते.

ललित फोन उचलत नाही. ठिपका निंबाच्या जवळ, पण हलत नाही. रिक्षा केलीय. काका सोबत येतायत.

दुपारी १
निंबाखाली. गुरं बाहेर येतायत, एकामागून एक. गुराखी त्यांच्या गळ्यात पडून रडतायत. ललित आत पडलाय, पन्नास पावलांवर. आत जायला कुणी तयार नाही. काकांचे गुडघे — मीच जाते. पाणी घेतलंय.

१.२०
पोचले. ओठ फाटलेत त्याचे. पण ओळखलं मला. वेडी म्हणाला. देवा, देवा! पाणी प्यायला. पाच मिनिटं बसू दे म्हणतोय. काका निंबाखालून हात हलवतायत.

१.३०
भूपेंद्रजींचा मेसेज. चिठ्ठी बघून हसू आलं म्हणे. काळजी करू नका मॅडम, तेवढी चूक मीच दुरुस्त केली. फाइल भोपाळला गेली.

फोन लावतेय, लागत नाही —

उठवलं त्याला. निंब समोर दिसतोय. काका दिसतायत. चार पावलं —

निंब मागे आहे.

वेळ कळत नाही. मोबाइल बंद
काका हाका मारतायत, कधी पुढून, कधी मागून. ललितला सांगितलं नाही, मेसेजचं. त्याला वाटतंय मी आले म्हणजे सुटलो. माझा हात घट्ट धरलाय.

निंब समोर दिसतोय. चार पावलं. ह्या खेपेला ललितचं नाव घेत मोजते. एक. दोन. तीन. आणि —